पेट्रोल टँकरची टाकी लीक आहे, पाण्याने धुवून वेल्डिंग मारलं तर चालतं का?

मनमाड_गॅरेजवाला

नमस्कार मंडळी. आमचं गॅरेज मनमाडच्या बाहेर रोडटच आहे, पानेवाडीला ऑइल कंपन्यांचे डेपो असल्यामुळे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक टँकरचंच, पण आजवर आम्ही पाटे, ब्रेक, क्लच, वायरिंग एवढंच करत आलोय, टाकीला कधी हात लावलेला नाही. आता एक ओळखीचे मालक २० केएलची (म्हणजे २० हजार लिटरची) पेट्रोलची गाडी घेऊन आलेत, मागच्या कप्प्याच्या खालच्या जॉइंटला थेंब थेंब गळतंय, ड्रायव्हरने वाटेत साबण घासून वरून एम-सील लावलं आणि गाडी खाली करून इकडे आणली.

मालक म्हणतात पाण्याने दोनदा धुतलीये, वासपण येत नाही, दोन इंचाचा टाका मारायचाय, तेवढं करून दे, उद्या लोडिंगला नंबर आहे. आमचे मिस्त्री आधी दुसरीकडे टँकरच्याच कामाला होते, त्यांचं म्हणणं दुसऱ्या ट्रकच्या सायलेन्सरला पाइप लावून अर्धा तास टाकीत धूर सोडायचा, धूर भरला की आत आग लागूच शकत नाही, मग बिनधास्त वेल्डिंग. त्यांनी असं होताना बघितलंय म्हणतात. वडिलांना वाटतं गिऱ्हाईक जुनं आहे, नाही म्हणायला नको. मला मात्र धीर होत नाहीये. गाडी सध्या बाहेर मोकळ्या जागेत उभी आहे.

मला हे विचारायचंय की पाण्याने धुतल्यावर टाकी खरंच सेफ होते का, ही धुराची आयडिया बरोबर आहे का, आणि डिझेलचा टँकर असेल तर वेल्डिंग चालतं असं सगळेच म्हणतात ते खरं का? ज्यांना या लाइनचा अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा, उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.

---

डेपो_सेफ्टी_निवृत्त

मित्रा, पहिलं काम, मालकाला आत्ताच फोन करून सांग की उद्या होणार नाही. बाकीचं सावकाश वाच.

भरलेल्या टँकरपेक्षा रिकामा टँकर जास्त धोकादायक असतो हे गॅरेजमध्ये कोणाला पटत नाही म्हणून सविस्तर लिहितो. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीसुद्धा हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच. बंद भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. टाकी खाली केली, झाकणं उघडली, की हवा आत शिरते आणि मिश्रण बरोबर त्या पट्ट्यात येतं. म्हणजे तुमच्याकडे गाडी येते तेव्हा ती सगळ्यात वाईट अवस्थेत असते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, उणे ४० अंशाच्या आसपास, त्यामुळे मनमाडच्या थंडीतसुद्धा वाफ होतेच होते.

आता किती पेट्रोल शिल्लक राहिलं तर धोका, ते बघ. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ढोबळमानाने दोनशे लिटरच्या जवळपास वाफ होते. ५ केएलच्या कप्प्यात स्फोटाच्या खालच्या मर्यादेला पोचायला ७० लिटर वाफ लागते. म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी पेट्रोल त्या कप्प्याला पुरतं. आता तू मला सांग, दोनदा पाण्याने धुतलेल्या २० केएलच्या गाडीत अर्धा लिटर पेट्रोल कुठेच उरलं नसेल अशी खात्री कोण देणार? पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, ते पाण्यावर तरंगतं, पाणी सोडलं की शेवटी तेच तळाशी येऊन पत्र्याला, गंजाला, गाळाला चिकटून बसतं. टाकीतल्या आडव्या पत्र्यांच्या म्हणजे बॅफल प्लेटच्या मागे, माल मोजायच्या डिप पाइपच्या बुडाशी, खालचा वॉल्व्ह आणि बाहेरचा नळ यांच्या मधल्या पाइपात, दोन कप्प्यांच्या मध्ये दुहेरी पत्रा असेल तर त्या पोकळीत, सगळीकडे ते राहतं. आणि गंजाच्या पापुद्र्याखालचं पेट्रोल थंड असताना वास देत नाही, वेल्डिंगची उष्णता लागली की मग बाहेर पडतं. म्हणून वास येत नाही याला काडीचा अर्थ नाही, शिवाय दिवसभर त्याच वासात काम करणाऱ्याचं नाक तसंही मेलेलं असतं.

पाण्याने धुणं ही पहिली पायरी आहे. त्यानंतर वाफेने म्हणजे स्टीमने धुणं, मग हवा खेळवणं, मग मीटरने गॅस मोजणं, आणि मग अधिकृत माणसाकडून गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे आत पेटणारी वाफ उरलेली नाही असं लेखी घेणं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ सालच्या फॅक्टरी अ‍ॅक्टात कलम ३७ मध्ये हेच लिहिलं होतं, ज्या टाकीत ज्वालाग्राही माल होता तिच्यातला माल आणि वाफ पूर्ण काढल्याशिवाय किंवा ती निर्धोक केल्याशिवाय तिला वेल्डिंग, कटिंग, ब्रेझिंग काहीही करायचं नाही. पेट्रोलियम रुल्समध्येही सर्टिफिकेटशिवाय गरम काम म्हणजे वेल्डिंग-कटिंग नाही, आणि ते बघणारं केंद्र सरकारचं पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षेचं खातं म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे.

डिझेलबद्दल. बीएस-सिक्स डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश ठेवलेला आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे टाकीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, मग ३५ चं काय घेऊन बसलात. आणि वेल्डिंगच्या ठिकाणी तर पत्रा वितळतोय, त्याच्या मागे डिझेलचा नुसता ओलसर थर असला तरी तिथे वाफ तयार होणारच. त्यातून काल पेट्रोल आज डिझेल अशा भरणाऱ्या गाड्या असतात. डिझेलला वेल्डिंग चालतं हे डोक्यातून काढून टाक.

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

मी मर्चंट नेव्हीत ऑइल टँकरवर असतो, धुराच्या मुद्द्यावर लिहितो कारण ही आयडिया बहुतेक कोणीतरी जहाजावरून अर्धवट ऐकून आणलीये. आम्ही टाकीत खरंच धूर सोडतो, बॉयलरचा धूर पाण्याने धुवून थंड करून त्याचा इनर्ट गॅस म्हणजे आग पेटू न देणारा गॅस म्हणून वापर होतो. पण त्यात मुद्दा धुराचा नाहीच, मुद्दा ऑक्सिजनचा आहे. टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असा नियम आहे आणि आत सोडल्या जाणाऱ्या गॅसमधला ऑक्सिजन सतत मोजला जातो, वर गेला की अलार्म वाजतो.

तुमच्या मिस्त्रींच्या ट्रकचं बघा आता. डिझेल इंजिन आयडलला उभं असतं तेव्हा ते जेवढी हवा ओढतं त्यातली अगदी थोडी जाळतं, बाकीची तशीच सायलेन्सरमधून बाहेर येते. त्या धुरात ऑक्सिजन १७-१८ टक्के सहज असतो. पेट्रोलची वाफ विझायला तो साधारण ११-१२ च्या खाली यावा लागतो. म्हणजे अर्धा तास तुम्ही टाकीत कोमट हवा भरताय, वर सायलेन्सरमधून एखादी कार्बनची ठिणगी गेली तर वेल्डिंगच्या आधीच काम तमाम. आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो तो वेगळाच, नंतर कोणी आत डोकावलं तर चक्कर येऊन आतच पडायचा.

मिस्त्रींनी बघितलं असेल त्यावर माझा विश्वास आहे, पण त्या वेळी टाकीतली वाफ योगायोगाने १.४ च्या खाली असेल म्हणून निभावलं. धुरामुळे नाही.

अजून एक सांगतो, हवा खेळवतानाचा काळ सर्वात नाजूक. दाट वाफ असलेल्या टाकीत ब्लोअर लावला की प्रमाण वरून खाली येतं आणि खाली येताना ते त्या ७.६ ते १.४ च्या पट्ट्यातून जातंच, दुसरा रस्ता नाही. तेवढा वेळ आजूबाजूला ग्राइंडर, विडी, मोबाइल, स्टार्टर काही नको, आणि जी वाफ बाहेर फेकली जाते ती हवेपेक्षा तीनचार पट जड असते, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत लांबवर जाते. घरचा पेडेस्टल फॅन तर मॅनहोलला अजिबात लावू नका, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. कंप्रेसरच्या हवेवर चालणारा व्हेंच्युरी ब्लोअर मिळतो, तो टाकीला अर्थिंगने जोडून लावतात.

---

टँकर_लाइन_सोलापूर

सगळं बरोबर आहे पण आमच्या पाकणीच्या डेपोला गाड्या असणाऱ्यांना विचारा, प्रत्येक टाक्याला सर्टिफिकेट घेत बसलं तर धंदा होणार नाही. आमच्याकडे कारागीर टाकी पाण्याने काठोकाठ भरतो, वरचं झाकण उघडं ठेवतो आणि मग बाहेरून मारतो, वाफेला जागाच राहत नाही. आणि रिकामीच करायची असेल तर लांब काठीला कापडाचा बोळा बांधून पेटवून मॅनहोलमध्ये धरायचा, काही झालं नाही म्हणजे गॅस नाही. वर्षानुवर्षं चाललंय.

---

डेपो_सेफ्टी_निवृत्त

सोलापूरवाले भाऊ, तुमचा राग समजतो, गाडी एक दिवस उभी राहिली की हप्ता थांबत नाही. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

पाणी भरून काम करण्याची पद्धत जगभर आहे, चुकीची नाही. वेल्डिंगच्या जागेच्या थोडं खालपर्यंत पाणी भरायचं म्हणजे वरची पोकळी लहान राहते. पण ती पोकळीसुद्धा मीटरने तपासायची असते, आणि शेजारचे कप्पे? तुम्ही एक कप्पा पाण्याने भरला आणि बाकीचे तीन तसेच वाफेने भरलेले, मधला पत्रा एकच. शिवाय या मुलाच्या गाडीचं लीक खालच्या जॉइंटला आहे, तिथे पाणी भरून काय उपयोग, पाणी तिथूनच बाहेर येणार.

बोळ्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो, बंद करा. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये रॅली नावाच्या गावाजवळ जून २००६ मध्ये ऑइलफील्डच्या टाक्यांवर हेच झालं. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी करून सगळं मांडलंय. ज्या टाकीला पाइप जोडायचा होता ती त्यांनी साफ केली होती, पाण्याने धुतली होती, काही दिवस उघडी ठेवली होती. वेल्डरने खात्री करायला पेटता टॉर्च आत घालून बघितला, काहीच झालं नाही. मग वेल्डिंग सुरू केलं, आणि शेजारच्या टाकीतली वाफ एका उघड्या पाइपच्या तोंडातून येत होती ती पेटली, आग त्या पाइपातून मागे टाकीत शिरली. तीन माणसं गेली, एक गंभीर जखमी. धुतलेली टाकी ठीकच होती. शेजारची कोणी बघितली नाही.

टँकरचे कप्पे तर एकमेकांना चिकटलेलेच असतात. म्हणून गॅस-फ्री म्हणजे अख्खी गाडी, सगळे कप्पे, सगळे पाइप.

---

वेल्डर_कोल्हापूर

भावा, मी टाकीचीच कामं करतो, स्पिरिट आणि इथेनॉलच्या गाड्या जास्त, साखर कारखान्यांमुळे आमच्या भागात त्याच चालतात. वर सगळ्यांनी लिहिलंय त्यात हाताने काम करणाऱ्याच्या चार गोष्टी टाकतो.

टाकीला बाहेरून जे पॅड म्हणजे पत्र्याचे जादा तुकडे मारलेले असतात, सपोर्टच्या खाली, पाइपच्या ब्रॅकेटखाली, ते चारी बाजूंनी वेल्ड केलेले असतात आणि आत हवा कोंडलेली असते. टाकीला पिनहोल असेल तर पेट्रोल झिरपून त्या पॅडमागे जाऊन बसतं. टाकी कितीही धुवा, स्टीम मारा, ते तिथून निघत नाही, आणि तुम्ही पॅडच्या कडेला रॉड लावला की पॅड उडून तोंडावर येतो. असा पॅड आधी साध्या हाताच्या ड्रिलने ग्रीस लावून हळू भोक पाडून उघडायचा, तेही टाकी गॅस-फ्री झाल्यावर. तुझं लीक जॉइंटला आहे म्हणतोस, आजूबाजूला पॅड आहे का ते नीट बघ.

वेल्डिंगची अर्थिंग क्लॅम्प जिथे टाका मारायचा त्याच्या अगदी जवळ, पत्रा घासून चकचकीत करून लाव. लोक आळसाने चेसिसला कुठेतरी लावतात, मग करंट टाकीतून, झाकणाच्या साखळीतून, वॉल्व्हच्या सैल नटातून वाट काढत जातो आणि तुला माहीत पण नसतं की ठिणगी मागे दुसऱ्याच कप्प्याच्या तोंडाशी पडतेय. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढ, नुसता कट-ऑफ स्विच पुरेसा समजू नकोस, नव्या गाड्यांचा ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पण जातो.

टाकीत गुदमरायला होतंय म्हणून गॅस कटिंगच्या सिलेंडरचा ऑक्सिजन आत सोडणारी माणसं आहेत. असं कधीच करू नका. ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, ग्लोव्हजवरचं तेल सगळं भुर्रकन पेटतं, विझवायला वेळच मिळत नाही.

आणि आत उजेडासाठी २३० व्होल्टचा हॅलोजन नको. पुरेशी सुरक्षेची सोय नसेल तर २४ व्होल्टच्या वर टाकीत दिवा न्यायचा नाही असं त्या फॅक्टरी कायद्यातच होतं, आणि वाफेची शंका असेल तर फ्लेमप्रूफ दिवाच.

इथेनॉलवाल्यांसाठी वेगळं सांगतो, ते पाण्यात मिसळतं म्हणून लोक निवांत असतात, पण निम्मं पाणी निम्मं इथेनॉल असलं तरी ते आपल्याकडच्या हवेत पेट घेतं, आणि ज्वाळा दिवसा उजेडात नीट दिसत नाही. धुतलेलं पाणी गॅरेजच्या गटारात सोडू नका.

---

गॅरेज_ताई_मिरज

सगळे वेल्डिंगवर बोलताय पण मूळ प्रश्न विचारणारे दादा रोज ब्रेक-क्लचला टँकर घेतातच की. मी नवऱ्याबरोबर गॅरेजचं सगळं बघते, आमच्याकडे नियम केलाय की टँकर पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, घ्यायचाच नाही, खाली असो की भरलेला. वाफ जड असते, ती पिटमध्ये उतरून बसते, वर उभ्या माणसाला काही कळत नाही आणि खाली मेकॅनिक हँडलॅम्प घेऊन उतरतो. टँकर असला की उघड्यावर, जॅक आणि स्टँडवर, ग्राइंडिंग दुसऱ्या टोकाला, आणि पोरांना सांगून ठेवलंय नळाखाली प्लास्टिकची बादली धरायची नाही. प्लास्टिकमध्ये पेट्रोल पडताना करंट साठतो आणि त्याला जायला जागा नसते. लोखंडी बादली, तिला तारेने टाकीला जोडून, क्लॅम्प रंगावर नाही तर उघड्या लोखंडावर.

दादा, वडिलांना हे पण सांगा की अशा वेळी एक माणूस आत पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि दोघंही जातात. बाहेर दोरी धरून माणूस पाहिजे आणि त्याने आत जायचं नाही, दोरीनेच ओढायचं.

---

मनमाड_गॅरेजवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना त्याच दिवशी ‘होणार नाही’ म्हणून सांगून टाकलं, थोडे तापले, पण मिसिसिपीचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले. वडिलांनीपण वाचलं. शेवटी गाडी टाकीचंच काम करणाऱ्या वर्कशॉपला नेली, तिथे स्टीमची सोय आहे, मी मुद्दाम बरोबर गेलो बघायला.

सकाळी स्टीम मारून, हवा खेळवून झाल्यावर मीटरवाले साहेब आले. त्यांनी आधी ऑक्सिजन मोजला, मग गॅस, नळी वर, मध्ये आणि अगदी तळाला सोडून. सगळ्या कप्प्यांत शून्य आलं. मला वाटलं झालं काम. पण त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली नाही, म्हणाले जेवून येऊ, ऊन चढू दे. दुपारी परत नळी सोडली तर मागच्या कप्प्यात तळाशी आकडा हळूहळू चढत १२ पर्यंत गेला. मी तर बघतच राहिलो. शोधलं तर खालच्या वॉल्व्हपासून बाहेरच्या नळापर्यंतच्या पाइपात पेट्रोल उरलं होतं, तो पाइप मधे किंचित वाकलेला असल्यामुळे उतार उलटा झाला होता. पाइपचा बोल्टवाला जोड म्हणजे फ्लँज खोलला तेव्हा तांब्याभर तरी निघालं. सगळे पाइप खोलून परत स्टीम, परत मोजणी, दुसऱ्या दिवशी काम झालं. आता टाकीच्या मापाचं कॅलिब्रेशन परत करून वैधमापनचा शिक्का घ्यायचाय, मगच लोडिंग.

एक विचारायचंय, मीटर आपण स्वतः घेऊन ठेवावा का? आमच्याकडे टँकर रोज येतात.

---

डेपो_सेफ्टी_निवृत्त

मीटरवाल्याने चोख काम केलं. १२ म्हणजे खालच्या मर्यादेच्या १२ टक्के, त्यात स्फोट होणार नव्हता, पण आकडा चढतोय याचा अर्थ आत कुठेतरी माल आहे, आणि रॉड लागल्यावर तो १२ वर थांबला नसता.

मीटर जरूर घे, पण तो रोजच्या कामासाठी, गाडीच्या आसपास आणि नळाखाली वाफ आहे का ते बघायला. त्याच्यावर स्वतःच गॅस-फ्री ठरवून टाकीला हात लावू नकोस. घेताना ऑक्सिजन आणि गॅस दोन्ही दाखवणारा घे, कारण साध्या सेन्सरला गॅस जाळून मोजायला ऑक्सिजन लागतो, टाकीत ऑक्सिजन कमी असेल तर तो खोटा कमी आकडा दाखवतो. आणि फार दाट वाफेत नळी सोडली तर आकडा झटकन वर जाऊन परत शून्यावर येतो, लोक शेवटचं शून्य बघून खूश होतात. असं झालं तर ती टाकी भरगच्च वाफेची समजून मागे सरक. गॅरेजमधले सिलिकॉनचे स्प्रे आणि सीलंट त्याच्याजवळ नकोत, सेन्सर कायमचा आंधळा होतो आणि स्क्रीनवर काहीच कळत नाही. म्हणून कॅलिब्रेशन गॅस मारून ठरावीक दिवसांनी, आणि कामाच्या आधी थोडा गॅस देऊन, तपासत जा.

---

वेल्डर_कोल्हापूर

आणि भावा मीटर मिस्त्रींच्या हातात दे, त्यांनाच वापरायला शिकव. त्यांनी स्वतः आकडा चढताना बघितला की धुराचा विषय परत निघणार नाही.

---

मनमाड_गॅरेजवाला

मिस्त्री होते माझ्याबरोबर त्या दिवशी, फ्लँज त्यांनीच खोलला. चौकशी करतो मीटरची, कुठला घेतला ते इथे टाकेन. ताई, पिटचं तुमच्यासारखंच करतोय, टँकरसाठी बाहेर मुरूम टाकून वेगळी जागा करायला घेतलीये, अर्थिंगचा खड्डा पण तिथेच काढतोय.